परत न आलेला बारदाना



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी की, आम्ही किमान वेतनावर, हमालीच्या दरावर, नाही तर 1969 च्या माथाडी कायद्यावर बोलू. त्या कायद्यावर आम्ही रात्रभर बोलू शकतो हे आमच्या मित्रांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांतले बरेचसे आज दाराजवळ बसले आहेत. त्यांनी निर्धास्त असावे. आज आम्ही संगणकाच्या एका ड्रायव्हरबद्दल बोलणार आहोत.

शेलूबाजारात ड्रायव्हर म्हटल्यावर डोळ्यांपुढे ट्रकवाला येतो. गावाशेजारून समृद्धी महामार्ग गेल्यापासून तर जास्तच. पण आम्ही म्हणतो तो ड्रायव्हर माणूस नव्हे. तो यंत्राच्या पोटातला एक छोटासा कार्यक्रम आहे, लेखी सूचनांची एक यादी. ती यादी चुकली म्हणून एका गरीब मुलीचा पगार कापला गेला. ती चूक कशी सापडली, कशी दुरुस्त झाली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, एवढेच सांगावयाचे आहे.

हा विषय मांडण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि असल्याच मांडवांत झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती ज्ञान चार भिंतींत अडकून राहू नये म्हणूनच. शिवाय संगणक ही काही परक्यांची मिरास नव्हे. आपल्या जुन्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 साली पुण्यात परम 8000 हा महासंगणक उभा राहिला. तेव्हा संकोच करण्याचे आपल्याला काही कारण नाही.

आता हकीकत. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका ठिकाणी शेतमालाची खरेदी होत असे. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण वाद मिटलेला आहे. काट्याजवळ एक लहान संगणक होता. काट्यावर माल चढला की वजन त्यावर उमटायचे आणि केबलमधून कचेरीत जायचे. तिथे पावती निघायची. हा संगणक सांभाळायला कंत्राटावर एक मुलगी होती. ऐन सोयाबीनच्या हंगामात हे यंत्र अडू लागले. कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. अडले की काटा थांबे, काटा थांबला की ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत जाई, आणि रांगेतला प्रत्येक शेतकरी त्या मुलीकडे बघे. वरून चौकशी आली. यंत्र पुरविणाऱ्यांचा माणूस येऊन गेला आणि 'वापरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून गेला. मुलीला मेमो मिळाला, आणि जितके तास काटा बंद तितक्या तासांचा पगार कापण्यास सुरुवात झाली.

ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात शाळेची दोनशे पानी वही होती. ती म्हणाली, "भाऊ, म्या काहीच नाही केलं. ते आपल्या आपच बंद पडते. कवा कवा पडलं, ते सारं लिवून ठेवलं हाये."

आम्ही पस्तीस वर्षे कामगारांचे अर्ज लिहितो आहोत, पण अशी वही आम्ही क्वचितच पाहिली. प्रत्येक अडण्याची तारीख, वेळ, त्या वेळी काट्यावर कोणाचा माल होता, आणि समोर एक अक्षर. काही ठिकाणी 'ह', काही ठिकाणी 'ध'. विचारले तर म्हणाली, "ह म्हंजे हळू हळू मरते, ध म्हंजे धप्प पडते." आणखी एक रकाना होता. त्यात त्या दिवशी वीज किती वेळा जाऊन आली, याच्या उभ्या रेघा होत्या. कोणत्याही दिवशी पन्नास-साठ रेघांना कमी नाही.

वीज गेली तरी काट्याजवळचा संगणक बंद पडत नसे, कारण तो इन्व्हर्टरवर होता. मग विजेचा आणि याचा संबंध काय? या प्रश्नापाशी आमचे सातवीचे शिक्षण संपले. आमच्या युनियनमधल्या एका हमालाचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो दिवाळीला घरी आला होता. त्याच्यापुढे वही ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "काका, हे दोन वेगळे आजार हाएत. या ताईनं अर्धं काम करून ठेवलं."

त्याने आम्हांला जे समजावले, ते आम्ही आपल्या बाजाराच्या भाषेत सांगतो.

संगणकाच्या मेमरीला एक कोठार समजा. त्यात रिकामा बारदाना रचून ठेवला आहे. केबलमधून निरोप येतो, तो म्हणजे माल. माल उतरून घ्यायला पोते लागते. नेटवर्कचा ड्रायव्हर हा धक्क्यावरचा मुकादम. तो कोठारातून रिकामी पोती मागून आणतो, केबल ज्यात बसते त्या कार्डापुढे मांडून ठेवतो, भरलेले पोते आत पोचवतो, आणि काम झाले की रिकामे पोते कोठारात जमा करतो. माल बाहेर पाठवायचा असला तरी हाच रिवाज. नियम एकच, पण कडक: जितकी पोती उचलली तितकी परत केलीच पाहिजेत. आमच्या एका म्हाताऱ्या हमालाला हे सांगितले तर तो म्हणाला, "मंग त्यात नवं काय? बारदाना वापस नाही आला तं उद्या माल कायच्यात भरसान?"

मुकादम नेमका इथेच चुकत होता. कचेरीत केबल जोडणारा एक डबा होता. त्याला स्विच म्हणतात. तो इन्व्हर्टरवर नव्हता. वीज गेली की डबा मरे, आणि काट्याजवळच्या संगणकाला वाटे की केबल तुटली. वीज आली की केबल पुन्हा जोडल्यासारखी होई. प्रत्येक वेळी ड्रायव्हर आपला कारभार नव्याने मांडायचा आणि आत येणाऱ्या मालासाठी कोठारातून नवी 256 पोती उचलायचा. आधीची 256 परत करायची असतात, हे त्याच्या यादीत लिहिलेलेच नव्हते. जुनी पोती ना कोठारात, ना कोणाच्या हातात. अशा मेमरीला संगणकवाले 'गळती' म्हणतात.

आता हिशेब पाहा. एका पोत्यात 2 केबी. 256 पोती म्हणजे 512 केबी, म्हणजे अर्धा एमबी. दिवसात 60 वेळा वीज गेली तर 30 एमबी गळले. त्या जुन्या यंत्रात मोकळी मेमरी होती सुमारे 200 एमबी. म्हणजे सातव्या दिवशी कोठार रिकामे. वहीत 'ह' हे अक्षर साधारणपणे सहा-सात दिवसांच्या अंतराने येत होते. बंधूंनो, आम्ही अनेक लवादांपुढे पुरावे मांडले आहेत, पण इतका स्वच्छ पुरावा आमच्या हाती कधी आला नव्हता.

मग ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात का आली नाही? कारण यंत्र अडले की ते बंद करून पुन्हा चालू करीत. बंद केले की सारे कोठार पुन्हा भरलेले दिसते आणि हरवलेल्या पोत्यांचा मागमूस राहत नाही. पुरविणाऱ्यांनी उपायही तोच सुचविला होता: रोज दुपारी यंत्र एकदा बंद करून चालू करा. ती वेळ त्या मुलीच्या जेवणाची होती, हे त्यांनी विचारातही घेतले नाही.

दुसरा आजार 'धप्प'चा. बाहेर जाणाऱ्या मालाची पोती हा मुकादम परत करीत असे, पण भलत्या घाईने. केबल तुटली असे वाटताच तो ती कोठारात फेकून देई. कार्डाचे त्यांतल्या एखाद्या पोत्यातून माल काढणे अजून चालू आहे की काय, हे तो पाहत नसे. तोवर कोठाराने ते पोते दुसऱ्या कोणाला दिलेले असे. मग एकाच पोत्यात दोघांचे हात, आणि कोणाच्या मालात कोणाचा माल मिसळेल याचा नेम नाही. साध्या कार्यक्रमाने असा घोटाळा केला तर संगणक त्याला बाहेर काढतो आणि बाकीचे काम चालू ठेवतो. पण ड्रायव्हर यंत्राच्या गाभ्यात बसून काम करतो. तिथे खात्यांची सरमिसळ झाली की पुढे चालण्यापेक्षा यंत्र जागच्या जागी थांबते. ते थांबणे म्हणजे तो 'धप्प' आवाज.

गाभ्यात बसलेल्याची छोटी चूक किती महाग पडते, हे 19 जुलै 2024 रोजी साऱ्या जगाने पाहिले. सुरक्षेचे काम करणाऱ्या क्राउडस्ट्राइक कंपनीच्या अशाच गाभ्यातल्या कार्यक्रमाला 20 नोंदी पुरविल्या होत्या आणि त्याने 21 वी वाचावयास हात घातला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख यंत्रे पडली. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले.

रोग कळला, पण औषध देण्यासाठी सूचनांची मूळ यादी हवी. ती मागण्याचा हक्क आपल्याला आहे काय? इथे आम्हांला एक आनंदाची गोष्ट कळली. ते यंत्र लिनक्सवर चालणारे होते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिनक्सचा आरंभ केला, आणि पुढच्याच वर्षी तो जीपीएल नावाच्या परवान्याखाली आणला. त्या परवान्याची अट अशी की, ज्याला हा कार्यक्रम द्याल त्याला त्याची मूळ यादीही मागितल्यावर द्यावी लागेल, आणि ती बदलण्याची मुभाही राहील. पुरविणाऱ्यांनी ड्रायव्हरमध्ये स्वतःचे फेरफार केले होते, पण या अटीतून ते सुटत नव्हते. आम्ही त्या ठिकाणच्या व्यवस्थापकांना भेटून हे कलम दाखविले. माणूस वाईट नव्हता. वरून दट्ट्या होता म्हणून तो खाली दट्ट्या देत होता. त्याने पत्र लिहिले. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रानंतर यादी आली.

त्या मुलाने रात्री बसून ती वाचली. दोन्ही दोष एकाच जागी, पंचवीस-तीस ओळींत निघाले. त्याने पहिल्या दिवशी केलेली दुरुस्ती अशी: जिथे बाहेर जाणारी पोती परत होतात तिथेच आत येणारीही परत करावी. गळती तत्काळ थांबली, आणि 'धप्प' मात्र दुप्पट झाले! आम्ही घाबरलो. तो हसला. म्हणाला, "काका, पोतं वापस कराचं हे बरोबर, पन हमालाच्या हातातून हिसकून नाही कराचं." दोष परत करण्यात नव्हता, क्रमात होता.

मग त्याने क्रम लावला. आधी कार्डाला सांगायचे की, नवा माल घेऊ नकोस. मग हातात घेतलेले काम संपेपर्यंत थांबायचे. मग दोन्हीकडची पोती मोजून परत करायची. त्यानंतर नवी मागायची, आणि सर्वांत शेवटी कार्डाला सांगायचे की, आता चालू कर. मांडताना जो क्रम, त्याच्या उलट क्रमाने मोडायचे, हे त्याचे सूत्र. लग्नाचा मांडव काढणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने दाखविली, ती आम्हांला फार मोलाची वाटते. नवी 256 पोती मागताना शंभरावर कोठार संपले तर? तेव्हा ड्रायव्हर 'जमले नाही' असे सांगून परत फिरतो. पण घेतलेली शंभर पोती तशीच पडून राहतात. सर्व काही सुरळीत चालते ती वाट सगळे जण तपासतात. अपयशाची वाट कोणी चालून पाहत नाही, आणि गळती बहुधा त्याच वाटेवर असते. त्याने ती वाटही दुरुस्त केली. नंतर दोन दिवस आम्ही सगळे पाळीपाळीने केबल काढीत आणि घालीत बसलो होतो. लिनक्सच्या गाभ्यातच 2009 पासून केमेमलीक नावाचा एक हिशेबनीस आहे. कोणाच्याच हातात नसलेली पोती तो हुडकून काढतो. त्याने वही कोरी दिली, तेव्हा आम्ही चहा मागविला.

ही खेड्यापाड्यातल्या जुन्या यंत्रांची रडकथा आहे, असे समजू नका. 22 ऑक्टोबर 2012 रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या संगणककेंद्रात असेच घडले. माहिती गोळा करणारा त्यांचा एक सर्व्हर बदलला होता, पण त्याचा नवा पत्ता सगळीकडे पोचला नाही. साठवणीच्या यंत्रांवरचा लहानसा कार्यक्रम जुन्याच पत्त्यावर दार ठोठावीत राहिला आणि ठोठावताना थोडी थोडी मेमरी गिळीत राहिला. शेवटी ती यंत्रे अडली, आणि त्यांच्यावर विसंबलेल्या मोठमोठ्या सेवा बंद पडल्या. जोडणी तुटते, पुन्हा प्रयत्न होतो, आणि प्रत्येक प्रयत्नाला काहीतरी परत करावयाचे राहून जाते. आमच्या काट्यावर आणि त्यांच्या केंद्रात फरक फक्त रकमेचा.

पण आम्हांला सर्वांत जास्त विचार करावयास लावणारी गोष्ट 2008 सालची आहे. त्या सप्टेंबरात लिनक्सची 2.6.27 ही आवृत्ती तयार होत होती. ती तपासणाऱ्यांच्या लक्षात आले की, इंटेल कंपनीची काही नेटवर्क कार्डे कायमची निकामी होत आहेत. कार्डाच्या पोटातली टिकाऊ नोंदच पुसली जात होती. कार्ड चालविणारा ड्रायव्हर होता ई1000ई. संशय अर्थातच त्याच्यावर गेला. ज्याच्या हातात वस्तू फुटली तोच दोषी, हा न्याय जगभर एकच आहे. कित्येक आठवडे त्याची झडती चालली. अखेर निघाले ते निराळेच. गाभ्यातला एफट्रेस नावाचा दुसरा एक भाग, मेमरीच्या ज्या जागेत पूर्वी त्याचे काम असे, तिथे तो नंतरही लिहीत होता. ती जागा केव्हाच रिकामी होऊन ई1000ईच्या कार्डाला मिळाली होती. म्हणजे पोते परत झाले होते, दुसऱ्याला दिलेही होते, आणि जुना मालक त्यात हात घालीत होता. फुटले ई1000ईच्या हातात, फोडले दुसऱ्यानेच. ऑक्टोबरात तो भाग बंद ठेवण्यात आला. शिवाय ई1000ईच्या बाजूनेही कार्डावरची नोंद कुलूपबंद करण्यात आली, म्हणजे पुढे कोणी चुकले तरी नुकसान होऊ नये.

ही हकीकत त्या मुलाने सांगितली तेव्हा ती मुलगीही तिथे होती. ती काही बोलली नाही. पण मेमो घेतलेला माणूस अशी गोष्ट कशी ऐकतो, हे आम्हांला ठाऊक आहे.

लिनक्सवाल्यांचा एक रिवाज आम्ही आमच्या युनियनच्या बैठकीत वाचून दाखविला. तिथे दुरुस्ती पाठवावयाची तर सोबत टिपण लागते. दोष काय, कशामुळे, कसा दूर केला. कोणत्या जुन्या बदलामुळे तो आला, तेही लिहितात. 2004 पासून दुरुस्ती करणाऱ्याची सही लागते. आणि ज्याने दोष प्रथम कळविला, त्याच्या नावाचीही ओळ असते. दोष कळविणाऱ्याला मेमो नाही, त्याचे नाव कायमचे वहीत! आमच्या मुलाने आपल्या दुरुस्तीच्या टिपणात ती ओळ घातली आणि त्या मुलीचे नाव लिहिले. पुरविणाऱ्यांनी दुरुस्ती स्वीकारली. टिपणही ठेवले.

तुम्ही विचाराल, त्या मुलीचे काय झाले? खरे ते सांगतो. कापलेला पगार दोन हप्त्यांत परत मिळाला. मेमो निकाली निघाला, पण त्यासाठी आम्हांला तीन अर्ज करावे लागले. माफीचा शब्द कोणी काढला नाही. त्या हंगामानंतर तिचे कंत्राट संपले. पुढच्या हंगामात तिला पुन्हा घेतले, तेव्हा कचेरीतला तो स्विचचा डबा इन्व्हर्टरला जोडलेला होता. त्याला लागला वायरीचा एक तुकडा. तो पहिल्याच दिवशी जोडता आला असता. मग ड्रायव्हर कशाला दुरुस्त केला, असे काही जण आम्हांला म्हणाले. आमचे उत्तर असे की, वायरीने वीज सांभाळली. पण उद्या केबल उंदराने कुरतडली असती तर तीच गळती आणि तोच मेमो पुन्हा आला असता.

बंधुभगिनींनो, आपल्याला यंत्रे बनविता येणार नाहीत कदाचित. पण आज आपल्या बँकेत, रेशनच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, काट्यावर यंत्र आहे आणि यंत्रामागे कमी पगारावर बसलेले एक माणूस आहे. यंत्र अडले की आपण त्या माणसावर ओरडतो, आणि यंत्र बंद करून चालू केले की समाधान मानतो. बंद करून चालू करणे ही दुरुस्ती नव्हे, ती पुराव्याची विल्हेवाट आहे. रोज त्या यंत्रापुढे बसणाऱ्याला जे दिसते, ते वरच्या साहेबाला दिसत नाही, आणि बनविणाऱ्यालाही नाही. म्हणून पुढच्या वेळी रांगेत उभे असाल तेव्हा एवढेच विचारा: हे कधी अडते, कशानंतर अडते, तुम्ही कुठे लिहून ठेवले आहे काय? लिहिले नसेल तर एक वही घेऊन द्या.

माणसाच्या पगारातून कापलेला पैसा परत आणावयास आम्हांला कैक महिने लागले. मेमरीची पोती परत करावयास पंचवीस-तीस ओळी पुरल्या. घेतले ते मोजून, वेळेवर आणि ज्याचे त्याला परत द्यावे, हा धडा यंत्राला शिकविता आला. तो आपल्या कचेऱ्यांनाही शिकविता येईल, अशी आशा आम्ही सोडलेली नाही.

 दाराजवळच्या मित्रांचे विशेष आभार, कारण ते अजून बसलेले आहेत.